सोंगणीचा विळा : धारेची साधने, त्यांची निवड व योग्य पद्धत

आश्विन महिन्यात खंडेनवमीच्या दिवशी शेतकऱ्याच्या घरी विळा, खुरपे, कुऱ्हाड, कोयता ही सर्व अवजारे धुऊन-पुसून पाटावर मांडली जातात व त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. ज्यांच्या आधाराने वर्षभराचे अन्न घरी येते, त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची ही रूढी मोठी अर्थपूर्ण आहे. तथापि पाटावरच्या त्या विळ्याकडे थोडे निरखून पाहिल्यास पुष्कळदा असे आढळते की, त्याच्या धारेवर उजेडात एक पांढरी रेघ चमकत आहे आणि मधूनमधून लहान खाचा पडलेल्या आहेत. ही पांढरी रेघ म्हणजे बोथटपणाची खूण होय. असाच विळा सोयाबीनच्या सोंगणीस नेला जातो व त्याचे मोल दाण्यांच्या, मजुरीच्या आणि कधी कधी बोटांच्या रूपाने मोजावे लागते. अवजाराची खरी पूजा त्याला योग्य धार लावण्यात आहे.

बोथट विळ्याने होणारे नुकसान

वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात असलेल्या रिठद व त्याच्या आसपासच्या शिवारात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरणी केली असता एका एकरात सुमारे १ लाख ८० हजार झाडे बसतात. एका मुठीत सहा झाडे येतात असे धरले तरी एक एकर सोंगण्यासाठी सुमारे ३० हजार वेळा विळा ओढावा लागतो. विळा बोथट असल्यास जे काम एका ओढीत व्हावयाचे ते दोन ओढींत होते. यावरून मजुरांचे श्रम व वेळ किती वाया जातो, याची कल्पना सहज येईल.

याहून मोठी हानी दाण्यांची होते. सोयाबीन पक्व झाले, पाने गळाली व बहुतेक शेंगा तपकिरी पडल्या की त्या शेंगा उकलण्यास उत्सुक असतात. धारदार विळा खोड एकदम कापतो व झाडाला फारसा हिसका बसत नाही. बोथट विळा मात्र खोडाला प्रथम वाकवितो, नंतर ओढतो व मग तोडतो. या हिसक्याने वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणे भुईवर सांडतात. ओलसर जमिनीत तर झाड कापले न जाता मुळासकट उपटून येते. त्यामुळे मुळांना चिकटलेली माती सुडीत व पुढे मळणीत जाते आणि मालाची प्रत घसरते. शिवाय मुळांवरील गाठी व मुळांचा सेंद्रिय अंश जमिनीतच राहावयास हवा, तो शेताबाहेर जातो.

तिसरी हानी शारीरिक आहे. बोथट विळ्याने काम करणाऱ्यास अधिक जोर लावावा लागतो. जोराने ओढलेला विळा खोडावरून निसटला तर तो झाडे धरलेल्या डाव्या हाताच्या बोटांवर किंवा नडगीवर येतो. धारदार अवजार धोक्याचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ज्या अवजारावर जबरदस्ती करावी लागते तेच अधिक धोक्याचे असते. सोंगणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात, म्हणून या गोष्टीचा विचार घरातील कर्त्या पुरुषांनीही अगत्याने केला पाहिजे.

धार म्हणजे काय ?

पात्याच्या दोन बाजू उतरत्या येऊन जेथे एकमेकींना मिळतात, त्या रेषेस धार म्हणतात. ही रेषा जितकी बारीक तितके कापणे सुलभ. दोन बाजूंमधील कोन लहान ठेवल्यास धार तीक्ष्ण होते, पण ती नाजूक असते व कठीण वस्तूवर आपटताच वळते किंवा तुटते. कोन मोठा ठेवल्यास धार टिकाऊ होते, परंतु कापण्यास जोर लागतो. म्हणून सर्व अवजारांस एकच धार योग्य नव्हे. सोयाबीनचे खोड कापणाऱ्या विळ्याची धार बारीक हवी, तर लाकूड फोडणाऱ्या कुऱ्हाडीची धार जाड हवी.

धार तीन कारणांनी जाते. वापराने ती झिजून गोल होते, दगडमातीवर घासून एका अंगास वळते, किंवा तिचे लहान तुकडे उडून खाचा पडतात. वळलेली धार दोन-चार हातांत सरळ होते. गोल झालेल्या धारेस निसण्यावर घासावे लागते. खाचा पडलेल्या पात्यास मात्र कानस किंवा लोहार यांचे साह्य घ्यावे लागते. प्रथम दोष ओळखावा व मग साधन निवडावे, हा या कामातील पहिला नियम होय.

पोलादाची परीक्षा

उत्तम धार धरण्याचा गुण पोलादात असतो, साध्या लोखंडात नसतो. पोलादात कार्बनचे प्रमाण पुरेसे असल्यामुळे ते लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविले असता कठीण होते. यालाच लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात. असे पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. या वेळी स्वच्छ घासलेल्या पात्यावर प्रथम फिकट पिवळा, नंतर तपकिरी, जांभळा व शेवटी सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळा रंग चढतो. अनुभवी लोहार या रंगांवरूनच पाते केव्हा थंड करावयाचे ते ठरवितो. साध्या लोखंडी पट्टीचा विळा कितीही पाणी दिले तरी कठीण होत नाही. तो स्वस्त मिळतो, पण दिवसातून अनेकदा घासावा लागतो.

विळा विकत घेताना जुन्या बारीक कानशीचे टोक धारेजवळ हलकेच ओढून पाहावे. कानस सहज रुतून लोखंड खरवडले गेल्यास पाते मऊ आहे असे समजावे. कानस घसरू लागल्यास पात्यास पाणी चांगले बसले आहे. मोटारीच्या कमानपट्टीपासून घडविलेले विळे या दृष्टीने सहसा चांगले निघतात.

साधनांची निवड

(१) निसणा : रोजच्या धारेसाठी निसण्यासारखे दुसरे साधन नाही. वऱ्हाडात सर्वत्र आढळणारा काळा दगड पुष्कळ ठिकाणी यासाठी वापरतात. विहिरीच्या काठावर किंवा उंबऱ्याच्या दगडावर विळा घासण्याची सवय सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु या दगडातील खनिजे पाणी दिलेल्या पोलादापेक्षा विशेष कठीण नसतात. त्यामुळे काम सावकाश होते व धार एकसारखी येत नाही. वालुकाश्मातील गारेचे कण त्याहून कठीण असतात, म्हणून तो दगड अधिक चांगला. कुरुंदाचा दगड याहूनही सरस असतो. बाजारात मिळणारे कार्बोरंडमचे निसणे कुरुंदाच्याही पुढे जातात. हा पदार्थ अमेरिकेतील ॲचिसन या संशोधकाने १८९१ साली विजेच्या भट्टीत तयार केला.

अशा निसण्यावर कणांचा क्रमांक दिलेला असतो. क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक. १०० ते १५० क्रमांकाचा भरड निसणा गोल झालेल्या धारेसाठी व ३०० ते ४०० क्रमांकाचा बारीक निसणा शेवटचा हात देण्यासाठी पुरेसा होतो. एका बाजूस भरड व दुसऱ्या बाजूस बारीक असा जोड निसणा घेतल्यास एकाच खर्चात दोन्ही कामे होतात.

निसण्याच्या आकाराकडे विशेष लक्ष द्यावे. विळ्याची धार आतल्या वाकात असते. रुंद, चौकोनी विटेसारखा निसणा त्या वाकात नीट बसत नाही, केवळ मूठ व टोक यांजवळ घासतो आणि मधला भाग कोराच राहतो. म्हणून विळ्यासाठी हातात मावेल असा, लांबट व दोन्ही टोकांस निमुळता, नावेच्या आकाराचा निसणा निवडावा. चाकू, सुरा व कुऱ्हाड यांसाठी चौकोनी निसणा योग्य आहे.

(२) कानस : कुऱ्हाड, खुरपे व वखराची पास ही अवजारे विळ्याहून मऊ ठेवलेली असतात. त्यांच्यासाठी कानस सोयीची. विळ्यातील खाचा काढावयाच्या असल्यास अर्धगोल कानशीची फुगीर बाजू वापरावी. कानस पुढे ढकलतानाच कापते. परत आणताना ती उचलून घ्यावी, घासत आणू नये, नाहीतर तिचे दात लवकर जातात. लाकडी मूठ बसविल्याशिवाय कानस वापरू नये, कारण तिचे अणकुचीदार टोक तळहातात शिरण्याचा संभव असतो.

(३) साण व विजेचे ग्राइंडर : सायकलवर साण बसवून गावोगाव हिंडणारे धारवाले घरगुती चाकू-सुऱ्यांना उपयोगी पडतात. अलीकडे वेल्डिंगच्या दुकानात विजेच्या ग्राइंडरवर विळा धरण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली आहे. काम मिनिटात होते, ठिणग्या उडतात व धार चकाकते, म्हणून शेतकऱ्यास समाधान वाटते. परंतु विळा दुसऱ्याच दिवशी बोथट होतो, अशी तक्रारही ऐकू येते. याचे कारण वर सांगितलेल्या रंगात आहे. कोरड्या, वेगवान चाकावर पातळ धार क्षणार्धात तापते. धारेवर निळा रंग चढला की तेथील पोलादाचे पाणी उतरले असे निश्चित समजावे. तो भाग पुन्हा कठीण होण्यासाठी पाते परत लोहाराकडे न्यावे लागते, किंवा निळा पडलेला भाग संथपणे घासून पूर्ण काढून टाकावा लागतो. ग्राइंडर वापरावयाचेच झाल्यास फक्त मोठ्या खाचा काढण्यासाठी वापरावे. पाते चाकास क्षणभरच टेकवावे, बोटास ऊब लागताच पाण्यात बुडवावे व डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा. अखेरची धार निसण्यावरच लावावी.

(४) लोहाराचा भाता : पाते झिजून जाड भागापर्यंत आले, वाकले किंवा त्याचे पाणी उतरले, तर ते लोहाराकडून शेवटून घ्यावे, म्हणजे तापवून, ठोकून पातळ करून व पुन्हा पाणी देऊन घ्यावे. हे काम ऐन सोंगणीच्या गर्दीत न करता भाद्रपदातच उरकून घ्यावे.

विळ्यास धार लावण्याची पद्धत

विळा प्रथम धुऊन पुसावा. चिकटलेला पिकाचा रस व गंज निसण्याची छिद्रे बुजवितात. जमिनीवर स्थिर बैठक घ्यावी. विळ्याची पाठ लाकडाच्या ओंडक्यावर टेकवून डाव्या हाताने मूठ घट्ट धरावी व टोक अंगापासून दूर ठेवावे. विळा स्थिर ठेवून निसणा फिरवावा. निसणा धरणारी बोटे त्याच्या खालच्या कडेबाहेर कधीही येऊ देऊ नयेत.

निसणा प्रथम पात्यावर सपाट ठेवावा. नंतर धारेकडील बाजू टेकलेली ठेवून पाठीकडील बाजू उचलावी. पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश इतके अंतर पाठीजवळ राहिले म्हणजे सुमारे २० अंशांचा कोन साधतो. पाते ३ सेंटिमीटर रुंद असल्यास हे अंतर १ सेंटिमीटर ठेवावे. कोनमापकाची गरज नाही, करंगळीच्या जाडीएवढे अंतर ठेवले म्हणजे काम भागते. कोन बरोबर आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी धारेलगत काजळाचे किंवा शाईचे बोट फिरवून दोन हात मारावेत. काजळ थेट धारेपर्यंत पुसले गेले तर कोन बरोबर आहे. केवळ वरच पुसले गेले तर निसणा फार सपाट धरला आहे. केवळ धारेच्या टोकावरच पुसले गेले तर निसणा फार उभा धरला आहे.

निसण्यावर पाणी शिंपडून मुठीकडून टोकाकडे तिरपे व संथ हात मारावेत. जोर बेताचा असावा. एका बाजूने घासत गेले असता काही वेळाने पलीकडच्या बाजूस तारेसारखी बारीक कड वळलेली बोटास जाणवते. ती पाहण्यासाठी बोट पाठीकडून धारेकडे न्यावे, धारेच्या लांबीवरून फिरवू नये. संपूर्ण लांबीत ही कड आली म्हणजे त्या बाजूचे काम पुरे झाले. मग दुसऱ्या बाजूने तसेच करावे. शेवटी निसण्याच्या बारीक बाजूने दोन्हीकडून आळीपाळीने पाच-सहा हलके हात मारून ही कड काढून टाकावी. जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाते धारेच्या उलट दिशेने ओढल्यास उरलीसुरली कड निघून जाते. पुष्कळ लोक ही शेवटची पायरी गाळतात. वळलेली कड तशीच राहिली तर विळा प्रथम उत्तम कापतो, परंतु थोड्याच वेळात ती कड मोडून धार जाते व दोष मात्र विळ्यास दिला जातो.

निसण्यावर तेल वापरावे की पाणी, असा प्रश्न विचारला जातो. शेतावर पाणीच सोयीचे. जवसाचे किंवा करडईचे तेल तर मुळीच वापरू नये, कारण ही तेले हवेत सुकून चिकट होतात व निसण्याची छिद्रे बुजवितात. एकदा तेल लावलेला निसणा पुढे पाणीही नीट धरत नाही.

निरनिराळ्या अवजारांविषयी

तुरीचे खोड जाड व काष्ठमय असते. सोयाबीनसाठी लावलेली बारीक धार तुरीवर मोडते. म्हणून तुरीच्या कापणीपूर्वी निसणा थोडा अधिक उभा धरून कोन २५ अंशांच्या आसपास ठेवावा, किंवा शक्य असल्यास दोन स्वतंत्र विळे ठेवावेत. कुऱ्हाडीचा कोनही मोठा असावा व तिच्या धारेमागचा भाग किंचित फुगीर राहू द्यावा, म्हणजे ती लाकडात अडकत नाही.

दातेरी विळ्याच्या एका बाजूस रेघा कोरलेल्या असतात व दुसरी बाजू गुळगुळीत असते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने विकसित केलेला ‘नवीन’ हा विळा दातेरी प्रकारचा आहे. अशा विळ्यांना वारंवार धार लावावी लागत नाही. जेव्हा लावावयाची तेव्हा केवळ गुळगुळीत बाजूनेच घासावे. रेघांच्या बाजूने घासल्यास दात नाहीसे होतात.

कडबा कुट्टी यंत्राच्या पात्यास व कलमाच्या चाकूस सर्वसाधारणपणे एकाच बाजूने उतार असतो. उताराच्या बाजूनेच धार लावावी व सपाट बाजू निसण्यावर पूर्ण टेकवून केवळ कड काढावी. कुट्टी यंत्राची पाती काढण्यापूर्वी विजेचा पुरवठा बंद करून जोडणीच काढून ठेवावी. सर्व पाती सारखीच घासावीत, अन्यथा चाकाचा तोल बिघडतो. कलमाच्या चाकूची धार अत्यंत बारीक असावी, कारण गुळगुळीत काप असेल तरच खुंट व डोळा यांचा सांधा चांगला जुळतो.

सोंगणीच्या दिवशी

धार एकदाच लावून दिवसभर काम रेटणे हितावह नाही. प्रत्येकाजवळ लहान निसणा असावा. पांढरी रेघ दिसू लागताच, किंवा खोड ओढले जात आहे असे हातास जाणवताच, दोन्हीकडून दहा-बारा हात मारावेत. यात दोन मिनिटेही जात नाहीत. उक्त्या दराने काम घेतलेले मजूर एवढा वेळही वाया गेला असे समजतात. परंतु जे सतत धार राखतात त्यांचेच काम सायंकाळी अधिक भरते. मालकाने निसणा व पाणी बांधावर आपल्याकडून ठेवल्यास ही सवय लवकर जडते. सोंगणी शक्यतो सकाळी करावी, त्या वेळी शेंगांत दवाचा ओलावा असल्यामुळे त्या कमी तडकतात. विळा अगदी भुईसरपट न चालविता दोन बोटे उंच चालवावा, म्हणजे तो खडे व ढेकळे यांवर घासत नाही.

काम संपल्यावर विळा धुऊन, कोरडा करून त्यास तेलाचे पुसट बोट फिरवावे. धारेवर जुन्या नळीचा चिरलेला तुकडा किंवा गोणपाटाची पट्टी बांधावी. उघडा विळा भाऱ्यात किंवा गवतात खोवून ठेवू नये. विळा लागून जखम झाल्यास ती साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन दाबून बांधावी. जखमेत माती किंवा हळद भरू नये. धनुर्वाताच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात जावे.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ही गोष्ट व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने अधिक पटते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी सोंगणीच्या आरंभी एका शेतात सारख्या लांबीच्या दोन ओळी निवडाव्यात. प्रत्येक ओळीत एक चौरस मीटर जागा आखून तेथे आधीच गळलेले दाणे वेचून घ्यावेत. नंतर एकाच व्यक्तीकडून एक ओळ बोथट व दुसरी ओळ धारदार विळ्याने कापून घ्यावी. लागलेला वेळ घड्याळावर पाहावा व त्या आखलेल्या जागांत सांडलेले दाणे मोजावेत.

हिशेब सोपा आहे. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन १० ते १२ ग्रॅम धरल्यास चौरस मीटरात सांडलेले दर १० दाणे म्हणजे एकरी ४ ते ५ किलो सोयाबीन जमिनीवर पडले. शेतकऱ्याने हे दाणे स्वतः मोजले म्हणजे त्यास वेगळे पटवून द्यावे लागत नाही. असे प्रात्यक्षिक शक्य तो गावच्या लोहारास बोलावून करावे. धारेविषयी त्याचा अनुभव मोठा असतो व पाणी देण्याचे काम अखेर त्याच्याच हातचे आहे. अधिक माहितीसाठी रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधता येईल.

बियाणे, खत व औषधे यांवर शेतकरी मोठा खर्च करतो आणि चार महिने पिकाची काळजी वाहतो. पीक हाताशी आल्यावर शेवटच्या आठवड्यात केवळ धारेकडे दुर्लक्ष झाल्याने दाणे भुईवर सांडावेत, ही गोष्ट टाळता येण्यासारखी आहे. त्यासाठी एक निसणा, घोटभर पाणी व थोडी सवय एवढेच लागते. शेतकरी बंधुभगिनींनी येत्या खंडेनवमीस अवजारे पाटावर मांडण्यापूर्वी ती निसण्यावरून फिरवून घ्यावीत, म्हणजे पूजाही होईल व पीकही पदरात पडेल.